दुपारची पावलं

१

“घरी गेल्यावर नुसतं पेशंटकडे बघत बसू नका हं,” वॉर्डातल्या सिस्टर मला म्हणाल्या होत्या.

सासूबाईंना हॉस्पिटलमधून घरी सोडलं, तो दिवस. मी पलंगाखाली वाकून लेकीचा मोजा शोधत होते. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात लेक, आणि लेक एकाच पायात मोजा घालून खाली उतरायला बघतेय. “हो हो, लक्षात ठेवते,” मी पलंगाखालूनच म्हणाले. सिस्टरना अजून काहीतरी बोलायचं होतं. पण तेवढ्यात मोजा सापडला, खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला आणि आम्ही निघालो.

मला वाटलं, सिस्टर माझ्या मुलीबद्दल सांगताहेत. आजारपणाच्या घरात लहान पोरांची आबाळ होते, तसं काहीतरी. मग मी मुलीकडे बघत राहिले. तशीही मी बघत राहणाऱ्यांतलीच. ती झोपली की तिचा श्वास मोजते, जागी असली की दारांच्या फटी.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, एका मंगळवारी, पुनर्वसन केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर एक कागद सरकवला.

“हे आकडे खोटे आहेत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या घरात कुणीतरी आम्हाला फसवतंय.”

सासूबाईंना आम्ही सगळे आई म्हणतो. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बोलण्यातले दोनच शब्द शिल्लक राहिले, ‘नको’ आणि ‘हे’. केंद्रात एक संशोधन चालू होतं: अशा पेशंटला घरच्यांनी रोज दोन वेळा चालवलं, तर तो लवकर सावरतो का? आईंचं नाव त्यात लागलं. घोट्यांना बांधायला दोन पट्ट्या मिळाल्या, उजव्या पायाला लाल, डाव्याला निळी. प्रत्येक पाऊल त्यांच्यात नोंदलं जायचं. कमरेला बांधायला एक रुंद पट्टा दिला होता, तो मागून धरून कुणीतरी आईंना चालवायचं. सकाळी मदतीला येणाऱ्या मावशी, आणि दुपारी तीनला माझे सासरे, अण्णा. त्या बदल्यात केंद्रातली यंत्रं वापरायला मिळत आणि दर मंगळवारी थेरपिस्ट घरी येई. पहिले सहा महिने फार मोलाचे असतात, नंतर शरीर शिकायचा कंटाळा करतं, असं तो थेरपिस्टच सांगायचा.

त्या मंगळवारी आईंची चाचणी होती. फरशीवर दहा मीटरची पट्टी, त्यावरून चालायचं. सहा आठवड्यांपूर्वी चाळीस सेकंद लागले होते. या वेळी ऐंशी.

“घरी रोज दुपारी बाराशे पावलं चालणारी बाई इथे दहा मीटरला ऐंशी सेकंद घेते?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “शुक्रवारी समितीची बैठक आहे. तोवर खुलासा झाला नाही, तर यांचं नाव अभ्यासातून निघेल. आणि यांच्या थेरपिस्टची नोकरीही जाईल. सगळ्यात चांगले आकडे त्याच्याच पेशंटांचे येतात, हे मला आधीपासूनच खटकत होतं.”

थेरपिस्ट दारातच उभा होता. अण्णांनी त्याचं नाव ‘उठबस’ ठेवलं होतं, कारण येईल त्याला तो दहा वेळा खुर्चीतून उठवायचा आणि बसवायचा. जिभेला हाड नसलेला माणूस. थोड्याच वेळापूर्वी मी त्याला माझ्या लेकीचा पाय दाखवला होता. आम्ही तिला भिंगरी म्हणतो. सव्वादोन वर्षांची. आठवडाभर ती डावा पाय ओढत चालत होती. त्याने तिचे दोन्ही पाय वाकवून, वळवून पाहिले आणि हसला. “ताई, पाय ठणठणीत आहे. आजीची नक्कल करतेय नटवी.”

आता तो हसत नव्हता.

२

बुधवारी सकाळी मी रजा टाकली. मी पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासते, दुपारी बारा ते पाच. चूक शोधणं हाच धंदा, आणि घरातलीच मला दिसली नव्हती.

दहा वाजता केंद्रातून एक बाई आल्या. ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात, आवाज इतका हळू की समोरच्याने आपोआप पुढे वाकावं. केंद्रातले सगळे आकडे त्यांच्या हाताखालून जातात, म्हणून उठबस त्यांना आकडेबाई म्हणायचा.

“मी डॉक्टर नाही,” त्या म्हणाल्या. “मी फक्त मोजते. आणि एवढं कळलंय की माणूस खोटं करायला लागला, की त्याचे आकडे फार शहाण्यासारखे वागतात. हे बघा. सुरुवातीचे दोन महिने, दुपारची पावलं: सहाशे चाळीस, नऊशे दहा, तीनशे, सातशे पंचाहत्तर. हे माणसाचं चालणं. कधी दम लागला, कधी रुसवा आला. आणि गेले पाच आठवडे: बाराशे चार, बाराशे, बाराशे दोन, बाराशे.”

“कुणीतरी मोजून चालतंय,” मी म्हणाले.

“आणि भरभर. सकाळी मिनिटाला पस्तीस पावलं, दुपारी सत्तर. काकू दुपारी तरण्या होतात का?”

मावशी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. “माझ्यावर आळ घ्यायचा असेल तर सरळ घ्या. मला ते गोल गोल विचारलेलं कळत नाही.”

“मग सरळच विचारते. पट्ट्या कोण बांधतं?”

“सकाळी मी. आंघोळीच्या वेळी काढते, डब्यात ठेवते, साडेबाराला माझ्या घरी जाते. दुपारी अण्णा बांधतात. लाल उजवीकडे, निळी डावीकडे, एकदाही चुकले नाहीये. अक्षर ओळखत नसले तरी रंग ओळखते.”

“आणि कमरेचा पट्टा?”

“तो दाराच्या खुंटीजवळ, स्टुलावर. घडी करून ठेवते.”

“दुसऱ्या दिवशी कसा असतो?”

“कसा म्हणजे? तिथेच. घडी करून. बकल आतल्या बाजूला, वर टोक खोचलेलं. माझी घडी तशीच असते.” एवढं बोलून मावशी थांबल्या.

“दुपारी अण्णा तो वापरतात ना? मग परत तशीच घडी घालतात?”

“अण्णा?” मावशींना हसू आलं. “त्यांना टॉवेलची घडी घालता येत नाही हो. आधी पट्टा खुर्चीवर लोंबत असायचा, मी रोज बडबडायचे.” मग त्यांचं हसू विरलं. “महिना होऊन गेला असेल. बडबडायची वेळच आली नाही.”

“तुम्ही बोलला नाहीत?” मी विचारलं.

“काय बोलू? की अण्णा सुधारले?”

आकडेबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे पाच आठवडे दुपारी तीन वाजता आईंना कुणी खुर्चीतून उठवलंच नव्हतं. मग ती बाराशे पावलं कुणाची होती?

३

अण्णा खिडकीपाशी त्यांच्या टेबलाशी बसले होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. दुकान बंद केलं, पण टेबल घरी आणलं, भिंग आणलं, चिमटे आणले. शेजारच्या काकूंचं मनगटी घड्याळ त्यांच्यासमोर पोट उघडून पडलं होतं.

“काकूंना दुपारी तुम्हीच चालवता?” आकडेबाईंनी विचारलं.

“मग कोण? ही पोर?” अण्णांनी हनुवटीनेच भिंगरीकडे दाखवलं. ती त्यांच्या खुर्चीला चिकटून उभी होती. मी ऑफिसला गेले की ती अण्णांचं शेपूट होते. ते जातील तिथे त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून मागे.

“कमरेचा पट्टा लावून?”

“सगळं नियमाने. तुमचं चौदा पानी पुस्तक मला पाठ आहे.”

“दमत नाहीत का त्या?”

“दमते. सगळेच दमतात. दमलं म्हणून थांबलं तर कसं चालेल?”

मला त्यांचा आवाज आवडला नाही. अण्णा असे तुटक बोलणारे नव्हेत. विषय हलका करायला मी म्हणाले, “अण्णा, शेजारच्या काकू कालही विचारत होत्या. घड्याळाला महिना झाला म्हणे.”

“स्प्रिंग मिळत नाहीये.”

“आजोबा, उचल,” भिंगरीने हात वर केले.

“कंबर दुखते गं राणी.” त्यांनी उजव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं. डावा हात मांडीवर होता, तो तसाच राहिला.

हे मला टोचायचं. भिंगरीला कडेवर घेणं त्यांनी एकाएकी बंद केलं होतं. मी नोकरीवर परत गेले ते त्यांना पटलेलं नाही, आणि त्याचा राग असा निघतोय, असं मी मनात धरून बसले होते. नवरा जहाजावर. चार महिने समुद्रात. कुणाशी बोलणार? फोनवर त्याला म्हटलं तर म्हणाला, “अण्णा रागावले की घड्याळं आपटतात. गप्प बसत नाहीत.” मी ते उडवून लावलं.

कोपऱ्यातून आईंचा आवाज आला. “हे! हे!”

त्यांचा डावा हात चपलांच्या फळीकडे रोखलेला. हे हल्ली रोजचंच झालं होतं. मी उठले, त्यांच्या चपला आणल्या, पायात घालायला वाकले. त्यांनी चप्पल लाथेने उडवली. “नको!”

“बाहेर जायचं नाही, मग हवंय काय आई तुम्हाला?”

आईंनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. मी पुसलं आणि दुसऱ्या कामाला लागले. ते आठवलं की आजही माझा मला राग येतो.

आकडेबाईंना सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. त्या पायरीवर थांबल्या.

“अण्णा खोटं बोलताहेत, एवढं नक्की. पण ती पावलं त्यांची आहेत का, ते मला सांगता येणार नाही. काल डॉक्टरबाईंना मी एक गोष्ट सांगितलेली नाही. दुपारी ज्याच्या पायात पट्ट्या असतात, तो माणूस लंगडतो. काकूंचा उजवा पाय मागे पडतो. याचा डावा.”

“पट्ट्या उलट बांधल्या असतील.”

“मलाही आधी तेच वाटलं. पण मग सत्तरचा वेग कुठून आला? नाही. हे वेगळंच माणूस आहे.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “आणि आमच्या केंद्रात काम करणाऱ्यांत डाव्या पायाने लंगडणारा एकच माणूस आहे. तुम्ही ओळखता त्याला.”

मी ओळखत होते. एकोणिसाव्या वर्षी मोटरसायकलवरून पडून त्याचा डावा गुडघा कायमचा आखडला होता. त्या गुडघ्यापायीच तो थेरपिस्ट झाला. उठबस.

४

गुरुवारी दुपारी केंद्रातल्या त्याच खोलीत आम्ही चौघं होतो. डॉक्टरबाई, आकडेबाई, उठबस आणि मी.

मी घरून निघताना ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण बोलले. “आमच्या गल्लीत तुमची स्कूटर दिसली होती. मंगळवार नसताना. शेजारच्या काकूंनी पाहिली.”

उठबसने माझ्याकडे बघितलं. भिंगरीचा पाय तपासणारे तेच डोळे. माझीच मला लाज वाटली.

“हो ताई. दोनदा आलो होतो. पुढच्या गल्लीत माझा एक पेशंट आहे, तीनच्या सुमाराला तिकडे असतो. म्हटलं बघावं काकू कशा चालतात. अण्णांनी दारातूनच परत पाठवलं. ‘झोपलीये ती’ म्हणाले.”

“तीन वाजता? चालायच्या वेळी?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आणि तू नोंद केली नाहीस.”

“मला वाटलं, एखाद्या दिवशी झोपल्या असतील.”

“पावलं तर त्या दोन्ही दिवशी बाराशे आहेत,” आकडेबाई म्हणाल्या. मग टेबलाच्या खणातून त्यांनी पट्ट्यांचा एक जोड काढला आणि त्याच्यासमोर धरला. “बांधा. व्हरांड्यातून एकदा जाऊन या.”

त्याने निमूटपणे बांधल्या. तो गेला आणि आला. त्याचं ते ओळखीचं चालणं: डावा पाय ताठ, कंपासासारखा बाहेरून फिरून पुढे येणारा. आकडेबाईंनी पडद्यावर दोन रेघा एकाखाली एक लावल्या.

“वरची यांची. डाव्या पायाची रेघ मोठी कमान करते. गुडघा वाकत नाही, म्हणून पाय लांबून फिरवावा लागतो, पण उचलला जातो. खालची रेघ आपल्या दुपारच्या माणसाची. कमान कुठेच नाही. पाय फरशीला धरून सरकतोय, टोक घासत.”

डॉक्टरबाई पुढे वाकल्या. त्यांनी बराच वेळ ती खालची रेघ बघितली. त्या पुन्हा बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

“हा गुडघ्याचा दोष नाही. हे वरून आलंय,” त्यांनी आपल्या कपाळाला बोट लावलं. “असा पाय मी रोज बघते.”

“म्हणजे तो पेशंट आहे,” उठबस म्हणाला. स्वतःवरचा आळ तो विसरूनच गेला होता. “पक्षाघाताचा. आपल्या यादीत नसलेला. आणि पाच आठवडे त्याला औषधाची एक गोळी नाही.” तो एकदम माझ्याकडे वळला. “ताई, परवा तुम्ही मला भिंगरीचा कुठला पाय दाखवलात?”

“डावा.”

“आणि मी म्हटलं, आजीची नक्कल करतेय.”

आजीचा पाय उजवा होता.

आणि आजीच्या मागे चालायची सोयच नव्हती, तिथे पट्टा धरून मावशी असायच्या. भिंगरी मागे मागे चालायची ती एकाच माणसाच्या, त्याच्या सदऱ्याचं टोक धरून.

समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते.

५

वाटेत गाडीत बसून मी सगळं जुळवत गेले. प्रुफात एक चूक सापडली की मागची चार पानं पुन्हा वाचावी लागतात, तसं. शेजारच्या काकूंचं घड्याळ महिनाभर उघडं होतं. अण्णांना आजवर कधी स्प्रिंग मिळाली नाही असं झालं होतं का? एका हाताने घड्याळ धरायचं, दुसऱ्याने चिमटा. एक हात कमी पडला तर ते होत नाही. भिंगरीला उचलणं बंद. टेबलावर डावा हात मांडीवर, हनुवटीने दाखवणं. आणि पाच आठवड्यांपूर्वीचा तो दिवस. मी पाचला घरी आले तर स्वयंपाकघरात फुटलेला कप, आणि अण्णा भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले. “डुलकी लागली गं,” म्हणाले होते. जीभ जरा जड वाटली होती. डुलकीतून उठलेल्या माणसाची असते तशी. मी कपाचे तुकडे वेचले, कारण भिंगरी अनवाणी होती. मी तुकडेच बघितले.

मी किल्लीने हळूच दार उघडलं.

बोळकांडीत अण्णा चालत होते. घोट्यांना लाल आणि निळी पट्टी. उजवा हात भिंतीला, ओठ हलताहेत, “चारशे बारा, चारशे तेरा.” डावी चप्पल फरशीवर खरखरत होती. मागे त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून भिंगरी, तस्साच डावा पाय ओढत, अगदी गंभीर चेहऱ्याने.

आई खुर्चीतून बघत होत्या. त्यांना मी दिसले. हात उठला, चपलांच्या फळीकडे. “हे.”

या वेळी मी त्यांच्या चपला उचलल्या नाहीत. अण्णांची बाहेरची जोडी उचलली. उजवी ठीक होती. डावी उलटी केली. पुढचं टोक घासून घासून कागदासारखं झालेलं.

“हे?” मी विचारलं.

आईंनी मान हलवली आणि इतक्या जोरात रडायला लागल्या की अण्णा चारशे सव्वीसवर थांबले.

घरात कुणालाही दिसलं नव्हतं ते त्या बाईला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. आणि सांगायला तिच्याकडे दोन शब्द होते.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या चपलेकडे. “लवकर आलीस,” ते म्हणाले.

केंद्रात आईंना तपासताना दोन्ही हात पसरायला लावायचे, ते मला आठवलं. “अण्णा, विमान करून दाखवा ना.”

“आत्ता?”

“भिंगरीला आवडतं ना.”

ते हसायला गेले. दोन्ही हात पसरले. उजवा पंख सरळ राहिला. डावा वर आला, थरथरला आणि आपल्याच वजनाने हळूहळू खाली यायला लागला. त्यांनी तो खाली येताना बघितला, दुसऱ्या कुणाचा तरी हात असावा तसा. शेजारी भिंगरीने दोन्ही हात पसरले आणि लगेच डावा खाली सोडला. मग वर बघून खुदकन हसली. तिच्या मते विमान असंच उडतं.

“केव्हापासून, अण्णा?”

ते खुर्चीत बसले. “कप फुटला त्या दिवसापासून. दुसऱ्या दिवशी हिला उठवायला गेलो तर पट्टा या हातातून सुटला. ही भिंतीवर आदळली असती. तेव्हाच ठरवलं, माझ्या हातून हिला पाडायचं नाही.”

“मग सांगायचं की!”

“कुणाला? तुला? सकाळी उठल्यापासून तू या पोरीचे श्वास मोजतेस. तुझ्या डोक्यावर तिसरा पेशंट ठेवू?” त्यांनी डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने चोळली. “आणि पुस्तकात चौथ्या पानावर लिहिलंय. पावलं कमी झाली तर नाव तपासणीला जाईल. म्हणजे काढणार. हिची यंत्रं बंद, तो उठबस बंद. म्हटलं, पावलंच पाहिजेत ना यांना? देऊ. चालता तर येतंय मला.”

“अण्णा, उठबसची नोकरी जाणार होती. उद्या. डॉक्टरबाईंना वाटलं, पावलं त्यानेच घातली.”

अण्णांचा चेहरा पडला. मी त्यांना हे सांगितलंच नव्हतं, त्यांना ताण नको म्हणून. “त्या पोराची?” ते म्हणाले आणि उठायला लागले. “चल. आत्ताच्या आत्ता चल. सांगतो त्यांना.”

“आधी हॉस्पिटलला,” दारातून आवाज आला. उठबस माझ्या मागोमाग स्कूटरवरून येऊन जिने चढला होता, एक पाय बाहेरून फिरवत, धापा टाकत. “मला नंतर वाचवा. उठा, काका. एकदाच उठायचंय, दहा वेळा नाही.”

६

तपासणीत मेंदूत एक लहान जुनी इजा दिसली, आणि मानेतली एक रक्तवाहिनी बरीचशी बुजलेली. डॉक्टर म्हणाले, पुढचा झटका मोठा आला असता. कधी, ते सांगता येत नाही. कदाचित बोळकांडीत, भिंगरीला मागे घेऊन चालताना. मी तो विचार फार वेळ करू शकत नाही.

शुक्रवारच्या बैठकीआधी आकडेबाई अण्णांना भेटायला वॉर्डात आल्या. अण्णा पलंगावरूनच साक्ष द्यायच्या तयारीत होते.

“ते चौथं पान मी लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “‘तपासणीला जाईल’ म्हणजे आम्ही घरी येऊन विचारणार होतो, काय अडचण आहे म्हणून. पावलं कमी झाली असती तर पाच आठवड्यांपूर्वीच मी तुमच्या दारात असते.”

“घड्याळ मागे पडायला लागलं की लोक माझ्याकडे आणायचे,” अण्णा म्हणाले. “मी कधी कुणाचं फेकून दिलं नाही. आणि मी काय केलं? काटे हाताने पुढे सरकवत बसलो.”

“तुम्ही एकटेच नाही,” आकडेबाई म्हणाल्या. “दुसऱ्या घरांचेही काही आकडे मला आता फार शहाणे वाटताहेत.”

समितीने आईंची त्या पाच आठवड्यांतली दुपारची पावलं रद्द केली. नाव ठेवलं. डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर उठबसची माफी मागितली. त्यावर तो इतका गोंधळला की म्हणे खुर्चीतून दोनदा उठला आणि दोनदा बसला. आणि केंद्राच्या घरभेटीच्या फॉर्मात एक नवा रकाना आला. पेशंटच्या नावाखाली आता विचारतात: सांभाळणारं माणूस कसं आहे? उत्तर त्याला विचारून नाही, त्याला बघून लिहायचं.

आता दुपारी आमच्याकडे बोळकांडीत दोन कमरेचे पट्टे असतात. एक मावशी धरतात, त्या आता चारपर्यंत थांबतात. दुसरा उठबस किंवा मी, मी कामाची वेळ सकाळची करून घेतली. आईंना तिसरा शब्द आला, तो ‘चल’. अण्णांना चुकूनही उशीर झाला, तर तो ऐकू येतो. परवा त्यांनी शेजारच्या काकूंचं घड्याळ बंद करून दिलं. म्हणजे पोट बंद केलं, घड्याळ चालू. त्याला अख्खा आठवडा लागला. भिंगरी सरळ चालते.

मी एकदा त्या वॉर्डात जाऊन सिस्टरना गाठलं. म्हटलं, त्या दिवशी तुम्हाला पुढे काय सांगायचं होतं? त्यांना मी आठवतही नव्हते. “मी सगळ्यांनाच सांगते हो,” त्या म्हणाल्या. “पेशंटकडे सगळे बघतात. त्याला धरून जो उभा असतो, त्याच्याकडेही बघा, म्हणते. बहुतेक लोक तोवर गाडीत बसलेले असतात.”

तुमच्याही घरात असं एक माणूस असेल. दुसऱ्याची औषधं पाठ असलेलं, स्वतःला काही होत नाही म्हणणारं. कदाचित ते शेजारच्या घरात असेल, नाहीतर फोनवर “आम्ही मजेत” म्हणून घाईने फोन ठेवणारं. हे वाचून झालं की त्यांच्याकडे जा. ‘कसे आहात’ विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. त्यांना म्हणा, विमान करून दाखवा. ते हसतील. हसू द्या, आणि हसू तोंडाच्या दोन्ही बाजूंनी येतंय का ते बघा. मग त्यांना हात पसरायला सांगा, डोळे मिटायला सांगा, आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजा.

एक पंख खाली यायला लागला, तर अकरा मोजू नका. उठा, आणि त्यांना घेऊन निघा.